लिंबाचे फूल आणि प्रथिने गळणारे मूत्रपिंड

किराणा बाजारात ‘लिंबाचे फूल’ म्हणून विकला जाणारा पांढरा स्फटिक म्हणजे सायट्रिक आम्ल. कार्ल शील या शास्त्रज्ञाने १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळे केले. आज मात्र बहुतेक माल साखर वा मळीवर वाढवलेल्या काळ्या बुरशीपासून बनतो. या आम्लाशी सोडियम किंवा पोटॅशियम जोडले की सायट्रेट क्षार तयार होतात. ‘सायट्रेटने किडनी सुधारते’ असे कोणी सांगितले, तर कोणते सायट्रेट आणि किडनीचा कोणता विकार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि निरोगी चाळणी रक्तातील अल्ब्युमिन जवळजवळ पूर्णपणे अडवते. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये ही चाळणीच सैल होते. प्रौढांच्या लघवीतून दिवसाला ३.५ ग्रॅमहून अधिक प्रथिने जाऊ लागतात, लघवीला फेस येतो आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. मुलांना हा विकार झाल्यास बहुधा प्रेडनिसोलोनने उतार पडतो.

सायट्रेटचे काम मात्र वेगळे आहे. शरीरात त्याचे बायकार्बोनेट होऊन रक्तातील आम्लता घटते; लघवीत ते कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून मूतखड्यावर पोटॅशियम सायट्रेट देतात. अमेरिकेतील टेक्सास येथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उच्च रक्तदाबामुळे मूत्रपिंड क्षीण झालेल्या रुग्णांना दोन वर्षे सोडियम सायट्रेट दिले, तेव्हा ऱ्हासाचा वेग मंदावला. उलट ब्रिटनमध्ये साठीपुढील ३०० रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोडियम बायकार्बोनेटचा लाभ दिसला नाही. हे दोन्ही अभ्यास आम्लतेविषयीचे होते. सैल झालेली चाळणी सायट्रेटने घट्ट होते, असा निष्कर्ष त्यांतून काढणे म्हणजे एका खात्यातील जमा दुसऱ्याच खात्यावर दाखवण्यासारखे आहे.

खरा धोका येथेच आहे. प्रथिनांची गळती कमी करण्यासाठी डॉक्टर रामिप्रिल वा लोसार्टनसारखी औषधे देतात आणि त्यांनी रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. त्यात कोणी परस्पर पोटॅशियम सायट्रेटचे सरबत सुरू केले, तर हृदयाची लय बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. सूज असलेल्या रुग्णाला मीठ मोजून खायला सांगतात. सोडियम सायट्रेटमधील सोडियमही त्याच हिशेबात धरावे लागते. तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. सायट्रेटमुळे अॅल्युमिनियम आतड्यांतून अधिक शोषले जाते. १९८० च्या दशकात मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांना अॅल्युमिनियमयुक्त औषधांसोबत सायट्रेट दिले गेले, तेव्हा त्यांच्या मेंदूवर परिणाम होऊन मृत्यूही ओढवले. पित्तावरच्या अनेक पातळ औषधांत अॅल्युमिनियम असते आणि फसफसणाऱ्या चूर्णांत सायट्रिक आम्ल. दोन्ही आपल्या घरांत एकाच कपाटात सापडतात!

जेवणात पिळलेल्या लिंबाच्या फोडीचा येथे प्रश्न नाही. प्रश्न चमच्याने घेतलेल्या क्षाराचा आहे. डॉक्टरांकडे जाताना अशी सर्व चूर्णे, सरबते व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

घरात असे मूल असेल, तर सकाळच्या लघवीत तपासणीची पट्टी बुडवून तिचा रंग रोज वहीत नोंदवावा. वही लिहिणे आपल्या घरांना नवे नाही. सलग तीन दिवस ‘तीन अधिक’ असा रंग आला, तर आजार उलटला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.