शून्याच्या खालचा भाव

भावाचे भाकीत सोलापूरकराला नवे नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू होम मैदानावर आणतात, त्याच्यापुढे धान्य, गूळ, खोबरे ठेवतात आणि त्याच्या वागण्यावरून पाऊसपाण्याचा व महागाईचा अंदाज बांधतात. ही भाकणूक ऐकतच आम्ही वाढलो. माझ्या पुतण्याला मात्र तिचे हसू येई. त्याच्याकडे संगणक होता.

यंत्रमागाचा व्याप सांभाळून तो कच्च्या तेलाच्या वायद्यात उतरला. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजमध्ये हा वायदा २००५ पासून चालतो. लॉट १०० बॅरलचा. तेल कोणी घरी आणत नाही. भावातला फरक तेवढा द्यायचा किंवा घ्यायचा. पुतण्या रोज सकाळी वहीत ‘वर’ किंवा ‘खाली’ लिही आणि रात्री बरोबर-चूक अशी खूण करी. बुधवारी अमेरिकेतल्या साठ्याचे आकडे येत, त्या रात्री त्याचे ताट झाकून ठेवावे लागे. साठा वाढला की भाव पडणार, हे त्याचे गणित. पण कधी साठा वाढूनही भाव चढे, कारण बाजाराने त्याहून मोठी वाढ धरलेली असे! सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट भावात आधीच शिरलेली असते. एकदा मी वही चाळली. बरोबरच्या खुणा निम्म्याहून किंचित अधिक. “नाणे उडवूनही एवढ्या आल्या असत्या,” म्हणालो, तर गडी दोन दिवस बोलला नाही.

२० एप्रिल २०२०. टाळेबंदी. माग बंद. जगभर विमाने जमिनीवर, मोटारी दारात, आणि अमेरिकेत कुशिंग गावच्या तेलाच्या टाक्या भरत आलेल्या. एप्रिलच्या वायद्याचा तो शेवटचा दिवस. भाव ९६५ रुपयांच्या आसपास आला, तेव्हा पुतण्याने एक लॉट घेतला.

“काका, अगदी शून्य झाला तरी ९६,५०० जातील. त्याहून खाली काय जाणार?”

मलाही ते पटले, हे कबूल केले पाहिजे.

आपला बाजार त्या दिवसांत संध्याकाळी ५ लाच बंद होई. अखेरचा भाव मात्र न्यूयॉर्कवरून ठरायचा, आणि तिथला हिशेब आपल्या मध्यरात्री. तिथे वायदा हाती राहिला तर तेल खरोखर उचलावे लागते. ठेवायला जागा नाही म्हटल्यावर लोक पैसे देऊन तेल दुसऱ्याच्या गळ्यात मारू लागले. भाव बॅरलला उणे ३७.६३ डॉलर!

आपल्याकडे आधी तात्पुरता १ रुपया भाव धरला, तेव्हा घरात सुटकेचा श्वास पडला. मग अंतिम आकडा आला, उणे २,८८४ रुपये. एका लॉटमागे तोटा ३,८४,९०० रुपये. दलालाचा फोन आला तेव्हा पुतण्या माझ्याकडे बघत होता, आणि मी भिंतीकडे.

दोन माग विकले, वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सुटायला दोन वर्षे लागली.

वही अजून घरात आहे. २० एप्रिलच्या पानावर ‘वर’ लिहिले आहे, पुढे खूण नाही. त्यानंतरच्या पानापासून वहिनींनी दुधाचा हिशेब सुरू केला.