सरळ केस, तापलेली इस्त्री आणि बीडचे पाणी

स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग केलेल्या केसाची ताकद पहिल्या दिवसापासूनच घटलेली असते. लग्नसराईत त्यावर पुन्हा स्ट्रेटनर फिरतो, तो या उरलेल्या ताकदीवर. ऊसतोडीवरून माणसे गावी परतली, की बीड, केज, माजलगावकडे लग्नांचा धडाका सुरू होतो. मेंदी, हळद, लग्न, सत्यनारायण असे चार दिवस चार वेगळ्या केशरचना होतात आणि तेच केस चार वेळा तापतात.

केसातल्या केराटिनचे धागे गंधकाच्या जोडांनी एकमेकांना बांधलेले असतात. आपल्याकडच्या पार्लरमधले क्रीम बहुधा थायोग्लायकोलेटचे असते आणि त्याचा पीएच नऊच्या पुढे असतो. ते हे जोड उकलते. मग केस ताणून इस्त्री करतात आणि न्यूट्रलायझर लावून जोड सरळ अवस्थेत पुन्हा बसवतात. मात्र उकललेले सगळे जोड काही परत बसत नाहीत. परदेशात वापरतात त्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चक्क कॉस्टिक सोडा असतो. तो जोडातला गंधकाचा एक अणूच काढून टाकतो, त्यामुळे मूळचा जोड परत येत नाही. एका प्रकारचे क्रीम लावलेल्या केसांवर दुसऱ्या प्रकारचे लावले, तर केस हातात येतात. म्हणून पार्लर बदलताना आधी काय लावले होते हे सांगणे भाग आहे.

उष्णतेचे गणित पाण्यावर फिरते. कोरड्या केसातले केराटिन साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास कोसळते, तर ओल्या केसातले १५० च्या जवळपासच. ओलसर केसावर तापलेली पट्टी दाबली, की आतल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून केसाच्या गाभ्यात बुडबुडे फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस जाळीदार दिसतो आणि बुडबुड्याच्या जागी तुटतो. चर्र असा आवाज आणि करपल्याचा वास आला, तर तिथेच थांबावे. स्मूदनिंग केलेल्या केसाला १५० ते १७० अंश पुरतात. एका बटेवर एकदाच, न रेंगाळता पट्टी फिरवावी. तापमानाचा आकडाच नसलेला स्वस्त स्ट्रेटनर अशा केसांसाठी नकोच.

‘ड्रायर वाईट, आपोआप वाळलेले केस चांगले’ ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ड्रायरची झळ वेगवेगळ्या अंतरांवर मोजली. १५ सेंटीमीटरवर ती ४७ अंश भरली, १० वर ६१ आणि ५ वर ९५. जवळून वाळवलेल्या केसाचा पृष्ठभाग बिघडला. पण आपोआप वाळलेला केस बराच वेळ ओला राहिला आणि त्याच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या थराला इजा झाली. त्यामुळे वीतभरापेक्षा किंचित कमी अंतरावरून, हात हलता ठेवून वाळवावे आणि केस पूर्ण कोरडे झाल्यावरच इस्त्री हाती घ्यावी.

हीट प्रोटेक्टंटच्या बाटलीवर २३० अंशांपर्यंत संरक्षणाचा दावा असतो. तो जरा बेतानेच घ्यावा. त्यातली सिलिकोन केसावर पातळ थर धरतात, उष्णता आत शिरण्याचा वेग कमी करतात आणि पट्टी अडकू देत नाहीत. उष्णता पूर्ण अडवत मात्र नाहीत. शिवाय स्प्रेमध्येही पाणी असते, म्हणजे तोही वाळू द्यावाच लागतो.

तेलाबाबत आपल्याजवळचेच संशोधन आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेलाने केसातून जाणारे प्रथिन कमी झाले. बाकीच्या दोघांना ते जमले नाही. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवावे. पण कारण पटण्यासारखे आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसात शिरतो. मराठवाड्यातले करडईचे तेल सूर्यफुलाच्या जातकुळीतले, तेव्हा त्याच्याकडून ही अपेक्षा नको. आणि खोबरेल लावायचे ते न्हाण्याआधी. तेल चोपडून इस्त्री फिरवणे म्हणजे केस तळणेच.

बीडमध्ये खरा प्रश्न बादलीत असतो. जिल्हा बहुतांश काळ्या बेसाल्ट पाषाणावर वसलेला आहे. या खडकातून मुरलेले बोअरचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येते. हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तो त्याचाच. पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असे भारतीय मानक सांगते. केसांसाठी मानक नाही. रसायनाने उघडा पडलेला केस निरोगी केसापेक्षा जास्त कॅल्शियम धरून ठेवतो. तो खरबरीत होतो, बटा गुंततात, पट्टी अडखळते आणि मग तीच बट तीनदा दाबली जाते. आकडा १६० वर ठेवूनही नुकसान होते ते असे. इथे महागड्या सीरमपेक्षा घरातला वीस लिटरचा जार जास्त कामाचा: केस बोअरच्या पाण्याने धुवावेत, पण शेवटचे दोन तांबे जारच्या पाण्याचे घ्यावेत. अंगाच्या साबणाचा कठीण पाण्यात चोथा होऊन केसांवर बसतो. रिठ्याचे तसे होत नाही.

केराटिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटते. त्याऐवजी आलेले ग्लायऑक्झिलिक आम्लही निर्धोक नाही. ट्युनिशियातल्या एका २६ वर्षांच्या तरुणीच्या मूत्रपिंडाला अशा क्रीमनंतर तीन वेळा इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. पार्लरमध्ये डोळे चुरचुरले, तर खिडकी उघडायला लावावी आणि डब्यावरचे घटक वाचावेत.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कंबरेपर्यंतच्या वेणीचे टोक त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वीचे असते. ओला केस हलकेच ताणला आणि रबरासारखा लांबून परत आला नाही, तर त्या लांबीला पुन्हा रसायन किंवा इस्त्री सोसत नाही. तेवढा भाग कापावा लागतो. सहा-आठ महिन्यांनी टचअप करताना क्रीम मुळाशी नव्याने आलेल्या सहा-आठ सेंटीमीटरवरच लावायचे असते. खालच्या, आधीच सरळ असलेल्या केसांवर ते ओघळू देऊ नये.