ठोक बाजार, वेबसाइट आणि गुढ़ियारीचा नुक्ता

रायपूर स्टेशनाच्या मागच्या अंगाला गुढ़ियारी. किराण्याची ठोक बाजारपेठ. इथल्या व्यापाऱ्याने वेबसाइट काढायची ठरवली की बनवणारा पहिल्याच बैठकीत विचारतो, विभागांना नावं काय द्यायची आणि पानांचे पत्ते कसे ठेवायचे? मग गादीवर बसलेला प्रत्येक जण सल्ला देतो, आणि त्यातला निम्मा सल्ला कधीच शिळा झालेला असतो.

गैरसमज: पत्त्यात शब्द कोंबले की साइट गूगलवर वर येते.

एकेकाळी यात थोडं तथ्य होतं. ‘स्वस्त-पोहे-ठोक-रायपूर’ छापाची डोमेन घेऊन पोकळ साइट वर चढवायच्या, असा धंदाच होता. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने अशा नावांच्या निकृष्ट साइट खाली ढकलल्या. आज गूगलचं स्वतःचं मार्गदर्शन सांगतं की पत्त्यातल्या शब्दांचा क्रमावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. जानेवारी २०२५ पासून तर मोबाइलवरच्या निकालांत पत्त्याचा मागचा भाग दिसतही नाही, नुसतं डोमेन दिसतं. लांबलचक पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर आला की गिऱ्हाइकाला तो फसवणुकीची लिंक वाटतो, ते वेगळंच.

गैरसमज: विभागाचं नाव भारदस्त हवं.

‘सोल्युशन्स’, ‘प्रीमियम रेंज’, ‘आमची उत्पादनं’. गोंदियाचा दुकानदार यातलं काही शोधत नाही. तो ‘जाडे पोहे ठोक भाव’ असं टाइप करतो. विभागाचं नाव, पानाचं शीर्षक आणि आतला मजकूर यांत पोहे असतील तरच त्याची गाठ पडेल. भाटापाऱ्याचे पोहे विकत असाल तर तेही नाव तिथेच यावं.

मुरमुऱ्यांचं प्रकरण जरा नाजूक आहे. विदर्भात मुरमुरे, पुण्याकडे चुरमुरे, मुंबईत कुरमुरे आणि छत्तीसगढीत मुर्रा. म्हणून चार पानं काढू नयेत. तोच मजकूर चार ठिकाणी दिसला तर गूगल त्यातलं बहुधा एकच पान दाखवतं. आपलं जास्त गिऱ्हाईक जे म्हणतं ते विभागाला द्यावं, बाकीची नावं वर्णनात सहज येऊ द्यावीत. ती गुपचूप कीवर्डच्या टॅगमध्ये भरण्यात अर्थ नाही. तो टॅग क्रमासाठी वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

अशी भारदस्त नावं सरकारी साइटनाही असतात. जमिनीच्या कागदपत्रांसाठी छत्तीसगडात ‘भुइयां’ आहे, महाराष्ट्रात ‘महाभूलेख’. लोक मात्र खसरा, बी-वन, सातबारा असंच म्हणतात. सरकारला हे परवडतं, कारण सातबारा घ्यायला दुसरीकडे कुठे जाणार? ठोक व्यापाऱ्याच्या शेजारी दहा दुकानं असतात.

गैरसमज: पत्ता देवनागरीत चालत नाही.

चालतो. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळतं, आणि वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा असं गूगलही सांगतं. अडचण वेगळीच आहे. देवनागरी पत्ता कॉपी केला की पुष्कळदा टक्क्यांच्या खुणा आणि रोमन अक्षरांची माळ होऊन बाहेर पडतो. एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘गुढ़ियारी’त सुटा नुक्ता (‘ढ’खालचं टिंब) धरून नऊ चिन्हं, म्हणजे तब्बल ८१ अक्षरं! त्यात ‘ढ़’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ‘ढ’ला नुक्ता जोडून किंवा एकाच अखंड चिन्हाने. डोळ्यांना फरक दिसत नाही. सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते ठरतात. मराठी माणूस नुक्ता देतच नाही, म्हणजे तिसराही पत्ता आला.

माझं मत विचाराल तर शीर्षक आणि मजकूर देवनागरीत ठेवावा, पत्ता आखूड रोमन. रोमनमध्येही ‘ढ़’साठी कोणी ‘डी-एच’ लिहितं, कोणी ‘आर-एच’, कोणी नुसता ‘डी’. एक निवडावं आणि शेवटपर्यंत तेच ठेवावं. लहान-मोठी लिपी मिसळू नये, कारण डोमेनच्या पुढच्या भागात त्यानेही पत्ता बदलतो.

गैरसमज: जुने पत्ते नीटनेटके केले की क्रम सुधारतो.

सगळ्यात महाग पडणारा सल्ला हा. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८ मध्येच बजावलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही. शब्दांमध्ये अंडरस्कोरपेक्षा हायफन बरा, हे खरं. पण तेवढ्यासाठी चालता पत्ता मोडू नये. बिलांवर आणि ग्रुपांत फिरलेली जुनी लिंक उघडेनाशी झाली की नुकसान आपलंच. बदलणं भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ क्रमांकाचं कायमचं वळण द्यावं आणि ते किमान वर्षभर ठेवावं. शक्य असेल तर काढूच नये.

रोजच्या भावाच्या पानाला तर साल-महिना चिकटवूच नये. पत्ता नुसता ‘भाव’ असा ठेवावा, तारीख आत लिहावी, आणि दर सकाळी त्याच पानावर नवे आकडे चढवावेत.