साहेबाच्या पुढून जावं की नाही?

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत नव्याने लागलेल्या पोराला कुणीतरी ऐकवतंच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साहेब नसतो, शेठ असतो, सल्ला तोच. म्हण चटकदार आहे, पण नोकरीत तिच्यावर विसंबणाऱ्याचं बहुतेक वेळा नुकसानच होतं.

‘अडचण आपली आपण निस्तरावी, वर कळवू नये’

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. धाटावला रासायनिक कारखाने आहेत. रात्रपाळीला रिअ‍ॅक्टरचं तापमान नेहमीपेक्षा चढू लागलं की ऑपरेटरच्या मनात येतं, इनचार्जला बोलावलं आणि काटा आपोआप खाली आला तर हसं होईल. पण ज्या अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडते, तिथे तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो आणि त्या वेगाने तापमान आणखी चढतं. वाट पाहण्यात गेलेली मिनिटं थंड करण्याच्या वेळेतून कापली जातात. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याला जिवावरच्या धोक्याची रास्त शंका आली, तर ती थेट व्यवस्थापकाच्या कानावर घालण्याचा हक्क तेव्हा कायद्याने दिला. म्हणजे ज्याला आपण आगाऊपणा समजत होतो, तो हक्क निघाला.

पेणला स्फोट होत नाही, ऑर्डर बुडते. पावसाळी हवेत शाडूची मूर्ती लवकर वाळत नाही आणि ओलसर अंगावर रंग चढवला की पुढे पापुद्रे सुटतात. काम मागे पडल्याचं शेठला आषाढात कळलं, तर तो व्यापाऱ्याशी बोलून तारीख हलवेल, शेजारच्या हमरापूर-जोह्याकडून चार हात जास्त आणेल. हरतालिकेच्या आदल्या दिवशी कळलं, तर त्याच्या हातात फक्त ओरडणं उरतं. कारागीर म्हणतात, शेठ तापट आहे. असेलही, पण उशिरा कळलेल्या बातमीवर थंड डोक्याचा माणूसही तापतो. सांगायला जाताना काय बिघडलं, किती बिघडलं आणि आपल्या मते काय करता येईल, एवढं जवळ असलं की पुरे.

‘वरच्याला सगळं ठाऊक असतंच’

नसतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर यांनी १९८० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात हेच मांडलं होतं: हाताखालचा जितका साहेबावर अवलंबून, तितकाच साहेबही त्याच्यावर. म्हणून माहिती त्याला द्यावीच लागते, आणि ती कशी द्यावी यासाठी व्यवस्थापन-विचारवंत पीटर ड्रकर यांची एक खूणगाठ कामाला येते. काही वरिष्ठ वाचणारे असतात, काही ऐकणारे. वाचणाऱ्याला आधी चार ओळी लिहून द्याव्यात, मग भेटावं. ऐकणाऱ्याला आधी भेटावं, मग कागद द्यावा.

‘मर्जी सांभाळली की झालं’

पेणचे पापड साहेबाच्या घरी जरूर द्यावेत, पापड उत्तमच असतात. मालाची तारीख चुकल्यावर मात्र त्यांची आठवण कुणी ठेवत नाही.

‘विरोध केला की संबंध संपले’

रोह्याशी घरोबा असलेल्या चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण इथे घ्यावं. इथल्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. रिझर्व्ह बँकेत ते आधी गव्हर्नर जेम्स टेलर यांच्या हाताखाली डेप्युटी गव्हर्नर होते. टेलर वारल्यावर १९४३ साली पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० पासून नेहरूंचे अर्थमंत्री, आणि १९५२ साली कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर १९५६ साली ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. जुलैत लोकसभेत निवेदन करून त्यांनी निर्णय घेण्याच्या पद्धतीवर उघड बोट ठेवलं. कुजबुज नाही, आडून वार नाही. त्याच वर्षी, नेहरूंचंच सरकार असताना, ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत राहिले. प्रत्येकाच्या साहेबाचं मन इतकं मोठं नसतं, आणि प्रत्येक जण देशमुखांइतका कामात पक्काही नसतो. म्हणून क्रम त्यांचा घ्यावा: हरकत आधी ज्याची त्याला, मग गरज पडली तरच चारचौघांत.

‘घरच्यासारखं आहे, पैशाचं काय बोलायचं?’

पेणच्या छोट्या कारखान्यांत हे फार चालतं. शेठ नात्यातला किंवा आळीतला, म्हणून नगामागचा दर तोंडी ठरतो, मध्येच उचल घेतली जाते आणि हिशेब गणपती गेल्यावर. तेव्हा दोघांची आठवण वेगवेगळी निघते आणि वर्षानुवर्षांचा घरोबा शे-पाचशेवरून विटतो. साच्याचं काम, रंगकाम, डोळ्यांची आखणी यांचे दर वेगळे असतात, म्हणून ते हंगामाच्या आधीच वहीत लिहावेत. उचल तारखेसह मांडावी. शेवटच्या पंधरवड्यात रात्री बसावं लागलं तर जादा किती, तेही त्याच पानावर लिहावं आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात.