चिलिकावरील एक रात्र

ओडिशातील चिलिका सरोवरात आम्ही सहकुटुंब बारकूलहून लहानशा शिडाच्या नावेने निघालो. सूर्यास्तापूर्वी नावेतच शिदोरी सोडली. जेवण आटोपले आणि वारा पडला. इंजिन नव्हते, नातू रडवेला झाला. वृद्ध नावाड्याने बांबू तळाशी टेकवून दाखविला. पाणी जेमतेम पुरुषभर! मग तोच बांबू रोवून त्याने नाव बांधली.

रात्री तो मोडक्या हिंदीत सांगू लागला. सरोवराचे मुख गाळाने अडले, तेव्हा समुद्राचे पाणी कमी झाले, मासळी आटली. 2000 साली नवे मुख खोदल्यावर ती परतली. तोवर त्याने गाव सोडले नाही.

पहाटे शीड फुगले. आयुष्यभर मुदत ठेवी हाताळल्या. धीर धरणे मात्र त्या रात्री शिकलो.