पन्हाळ्याची वाट आणि शिवरायांच्या नावाचे कंदीलपुष्प

जुलै १६६० मध्ये पन्हाळगडाचा वेढा भेदून छत्रपती शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडे निघाले. त्या घटनेच्या स्मरणार्थ आजही दर पावसाळ्यात असंख्य तरुण पन्हाळ्याहून मसाई पठारमार्गे पावनखिंडीपर्यंत पदभ्रमण करतात. याच वाटेच्या शेवटी, विशाळगडाच्या परिसरात, कोल्हापूरच्या न्यू कॉलेजमधील अभ्यासकांना एक अपरिचित वनस्पती आढळली. चांदवड येथील महाविद्यालय आणि शिवाजी विद्यापीठ यांच्याशी निगडित तज्ज्ञांसह तिचा अभ्यास झाला आणि २०२५ मध्ये ती विज्ञानाला नवी असलेली जात म्हणून प्रसिद्ध झाली. महाराजांच्या सन्मानार्थ तिला ‘सेरोपेजिया शिवरायीना’ हे नाव देण्यात आले.

सेरोपेजिया म्हणजे आपली कंदीलपुष्पे. भारतात त्यांच्या साठाहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र आढळत नाहीत. या फुलाची रचना विलक्षण असते. गंधाने आकर्षित झालेली चिमुकली माशी फुलाच्या नळीतून खाली घसरते. आतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने तिला परत फिरता येत नाही. या बंदिवासात पराग तिच्या अंगाला चिकटतात. काही काळाने केस कोमेजतात, माशी मुक्त होते आणि ते पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवते.

वाचकहो, हा शोध आपल्याला एका प्रश्नाकडे नेतो. मसाईसारख्या जांभ्या दगडाच्या पठारांना आपण सहज ‘ओसाड’ म्हणतो. उन्हाळ्यात तेथे केवळ काळवंडलेला खडक दिसतो, हे खरे. परंतु पावसाच्या पहिल्या सरींनंतर मातीच्या पातळ थरात दडलेले कंद व बिया जाग्या होतात. माती निकृष्ट असल्यामुळे सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या वनस्पती सूक्ष्म जीव वा कीटक पकडून आपले पोषण करतात. अशा ठिकाणी बाहेरून माती आणून वृक्षारोपण करणे, कितीही सद्हेतूने केले तरी, उपकारक ठरत नाही. कारण या वनस्पतींना उघडे आकाश आणि उथळ माती हवी असते.

मसाई पठाराला शासनाने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे. तथापि, केवळ शासकीय दर्जाने फुले वाचत नाहीत. फुलांचा हंगाम आणि पदभ्रमणाचा हंगाम एकच असतो. म्हणून मळलेली पायवाट सोडू नये, पठारावर वाहने नेऊ नयेत, फुले व कंद उपटू नयेत आणि प्लास्टिक सोबत परत आणावे. ज्या भूमीला आपण ओसाड समजतो, तिच्यात अजून किती अनामिक जाती दडल्या असतील, याचे उत्तर आपल्या पावलांवर अवलंबून आहे.