मेंदूच्या तळची वाटाण्याएवढी ग्रंथि

पेणचे गणपतीचे कारखाने ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस 'आखणी' हा शब्द ठाऊक असेल. मूर्ति घडली, रंग चढला, तरी डोळे आखल्यावांचून तिच्यांत जीव येत नाहीं. आणि तें काम कसलेल्या हाताकडेच असतें. रोह्याच्या शाळेंत माझ्या वर्गांत असलेला एक विद्यार्थी पुढें पेणेस येऊन अशी आखणी करूं लागला. कांहीं वर्षांपूर्वीं त्याचें एक विचित्र होऊं लागलें. मूर्तीचे डोळे तो पूर्वीइतकेच रेखीव काढी. परंतु शेजारची रंगाची वाटी कोपर लागून सांडे, दारांतून जातांना खांदा चौकटीस आपटे. लोक म्हणाले, वय झालें. चष्मा दोनदां बदलला. शेवटीं मुंबईस एका डॉक्टरांनीं एकेक डोळा झांकून तपासलें, तेव्हां दोन्हीं बाजूंची कडेची नजर गेलेली आढळली. दोष डोळ्यांत नव्हता. मेंदूखालच्या एका गांठींत होता.

नाकाच्या मुळामागें, कवटीच्या तळाशीं, हाडाची एक खोलगट बैठक आहे. तिच्या आकारावरून शरीरशास्त्रज्ञ तिला 'तुर्की खोगीर' म्हणतात. तींत पिट्यूटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथि असते. वजन सुमारें अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, मूत्रपिंडांवरील ग्रंथि आणि जननेंद्रियें यांचें काम तिच्याच स्रावांच्या हुकमानें चालतें. या ग्रंथींतील गांठ बहुधा कर्करोगाची नसते व शरीरांत इतरत्र पसरत नाहीं. मग मेंदूस अपाय कसा होतो? दोन वाटांनीं: दाबानें आणि स्रावांनीं.

प्रथम दाब पाहूं. खोगिराच्या वरच्या बाजूस हाड नसून पातळ पडदा असतो. म्हणून वाढती गांठ पुष्कळदां वर सरकते. तेथून सुमारें एक सेंटिमीटरवर दोन्ही डोळ्यांच्या नसांची चौफुली आहे. डोळ्याच्या पडद्याच्या नाकाकडील अर्ध्या भागांतून निघालेले तंतु येथें एकमेकांस ओलांडतात, आणि बाहेरच्या कडेचें दृश्य तेच मेंदूस पोंचवितात. चौफुली दबली कीं ही कड विझते. मधली नजर शाबूत राहिल्यानें रोगी वाचतो, लिहितो, आणि त्यास संशयहि येत नाहीं. गांठ आणखी वर गेली तर तहान, भूक व झोप यांचें नियमन करणारा मेंदूचा भाग बिघडतो. फारच मोठी झाली तर मेंदूंतील द्रवाची वाट अडते. मग डोकेदुखी, वांति व गुंगी येते.

दुसरी वाट स्रावांची. वृद्धीचा स्राव अति झाल्यास प्रौढ माणसाचे हात, पाय व जबडा वाढतात. या रोगाचें वर्णन पॅरिसच्या पिएर मारी यांनीं १८८६ मध्यें केलें. अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग यांनीं १९३२ मध्यें दाखविलेल्या दुसऱ्या प्रकारांत तोंड वाटोळें होतें, मन खिन्न राहतें, झोप व स्मरण बिघडतें. उलट ग्रंथि चिरडून स्राव घटले तर माणूस थकलेला, मंद व थंडीनें काकडणारा होतो, आणि घरचे त्यास आळशी म्हणतात. प्रोलॅक्टिन वाढल्यास स्त्रियांची पाळी थांबते, कधीं मूल नसतां दूध येतें.

उपाय आहेत. प्रोलॅक्टिनची गांठ बहुधा गोळ्यांनींच आकसते. इतर पुष्कळ गांठी नाकावाटे काढतां येतात. ही वाट १९०७ मध्यें इन्सब्रुकच्या श्लोफर यांनीं प्रथम चोखाळली, आणि आज दुर्बिणीमुळें ती बरीच सुकर झाली आहे. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत अंतःस्रावी ग्रंथींचा आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचा, असे दोन्ही विभाग आहेत.

घरीं एक सोपी परीक्षा करून पाहावी. दोघांनीं हातभर अंतरावर समोरासमोर बसावें. एकानें एक डोळा झांकून दुसऱ्याच्या डोळ्याकडे टक लावावी. दुसऱ्यानें आपलीं बोटें कडेवरून हळूहळू मध्यें आणावीं. दोन्हीं डोळ्यांस बाहेरच्या बाजूचीं बोटें उशिरां दिसत असतील, तर चष्मा बदलण्यापूर्वीं नेत्रवैद्याकडून दृष्टिक्षेत्र मोजून घ्यावें. एकाएकीं भयंकर डोकें दुखून नजर मंदावली किंवा पापणी लोंबली, तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. गांठींत रक्तस्राव झालेला असूं शकतो.

माझ्या विद्यार्थ्याची गांठ नाकावाटे निघाली. उजव्या अंगाची कड बरीचशी परत आली. डाव्या अंगाची, उशीर झाल्यामुळें, आली नाहीं. तो अजून डोळे आखतो. रंगाची वाटी मात्र आतां उजवीकडेच ठेवतो.